नावीन्य धोरण, मुंबई आणि दुसरी ऑर्डर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चेंबूर, गोवंडी, कुर्ला या पट्ट्यात नागरिकांच्या बैठका घेताना गेली काही वर्षं तेच तेच प्रश्न समोर येतात. विचारणारे वेगवेगळे असतात. कधी इंजिनिअरिंगची मुलं, कधी सोसायटीचे सेक्रेटरी, कधी बचत गटातल्या ताई, तर कधी पालिकेतून निवृत्त झालेले काका. दर वेळी तोंडी सांगताना काहीतरी सुटतं, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. ज्याला जो प्रश्न पडला असेल त्याने तोच वाचावा.

"प्रादेशिक नावीन्य धोरण" म्हणजे नक्की काय? एवढं जड नाव कशाला?

नाव जड आहेच. एखाद्या भागात नवी तंत्रं, नव्या पद्धती आणि नवे धंदे उभे राहावेत म्हणून सरकार बरंच काही करतं: पैसा देतं, जागा देतं, नियमांत सवलत देतं, संशोधन संस्थांशी गाठ घालून देतं, कधी स्वतःच पहिलं गिऱ्हाईक होतं. या सगळ्याची जुळवणी म्हणजे हे धोरण.

पूर्वी त्याचं माप सोपं होतं. किती कंपन्या निघाल्या, किती पेटंट मिळाली, किती नोकऱ्या लागल्या, एवढंच मोजायचं. आता विचारतात, हे सगळं कशासाठी? तुंबणारं पाणी, कचरा, हवा, पत्र्याच्या घरातला मे महिना यांपैकी काही कमी झालं का? पंधरा-वीस वर्षांत या विषयात मोठा फरक पडला असेल तर तो इथेच.

सरकारी कागदावर "नाविन्यता" लिहितात. बरोबर काय?

खात्याचं नावच "कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग" आहे, त्यामुळे तो शब्द दिसत राहणार. "नवीन"पासून "नवीनता" होतं किंवा "नावीन्य" होतं. दोन्ही प्रत्यय एकदम लावणं म्हणजे "सौंदर्यता" म्हणण्यासारखं आहे. इथे आम्ही "नावीन्य" लिहितो. अर्ज भरताना मात्र खात्याचं नाव आहे तसंच लिहा, तिथे व्याकरण शिकवायला जाऊ नका.

हे युरोपातून आलेलं खूळ आहे का?

खूळ म्हणणार नाही, पण बरीचशी परिभाषा तिकडची आहे. युरोपीय संघाने २०१४ ते २०२० या काळासाठी अट घातली, की प्रादेशिक विकास निधीतून संशोधन आणि नावीन्यासाठी पैसे हवे असतील तर प्रत्येक प्रदेशाने आधी आपली बलस्थानं शोधून आराखडा करावा. त्याला "स्मार्ट स्पेशलायझेशन" म्हणतात. ही कल्पना मांडणाऱ्यांत अर्थतज्ज्ञ दोमिनिक फोरे यांचं नाव पुढे आहे. सगळ्यांनी सगळंच करू नये, आपल्या मातीत काय उगवतं ते पाहावं, असा त्यातला विचार. प्रत्यक्षात अनेक प्रदेशांच्या याद्या एकसारख्याच निघाल्या: ऊर्जा, आरोग्य, माहिती तंत्रज्ञान, अन्नप्रक्रिया. आपल्याकडे प्रत्येक जिल्ह्याला आयटी पार्क हवं असतं, तसंच ते.

पुढे अर्थतज्ज्ञ मारियाना मात्सुकातो यांनी २०१८ मध्ये युरोपीय आयोगासाठी एक अहवाल लिहिला. उद्योगक्षेत्र निवडू नका, मोहीम निवडा, असं त्यांचं म्हणणं. त्यातून युरोपच्या संशोधन कार्यक्रमात पाच मोहिमा आल्या. २०३० पर्यंत १०० शहरं हवामानाच्या दृष्टीने तटस्थ करणं, म्हणजे जितका कार्बन हवेत जातो तितकाच शोषला जाईल असं करणं, ही त्यांतली एक.

आपण यातून दोन गोष्टी घ्याव्यात असं मला वाटतं. प्रश्न कोणता सोडवायचा हे मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर ठरू नये, ही पहिली. दुसरी म्हणजे, तिकडे प्रदेशाच्या हातात स्वतःचा निधी असतो हे ध्यानात ठेवावं. आपल्याकडे आराखडा एकाकडे, पैसा दुसऱ्याकडे आणि रस्ता खणायचा परवाना तिसऱ्याकडेच असतो.

आपला "प्रदेश" कोणता? मुंबई, की वसई-पनवेलपर्यंत सगळं?

माझ्या मते सगळं. मुंबई महानगर प्रदेशात नऊ महानगरपालिका येतात: मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर, मिरा-भाईंदर, वसई-विरार आणि पनवेल. शिवाय १९७५ पासून एमएमआरडीए, म्हणजे या सगळ्या प्रदेशाचं विकास प्राधिकरण आहे. धूळ मुलुंड चेकनाक्यावर थांबत नाही, आणि ठाण्याच्या खाडीच्या दोन काठांना दोन वेगळी पाणी लागत नाहीत. फ्लेमिंगोंनाही हद्द कळत नाही. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, पण तिच्यात येणारं सांडपाणी कोणत्या पालिकेचं, हा वाद चालूच असतो.

पाण्याचं तर विचारूच नका. मुंबईला सात तलावांतून पाणी येतं. त्यांतले विहार आणि तुळशी एवढेच शहरात आहेत. तानसा, भातसा, मोडकसागर, मध्य वैतरणा आणि ऊर्ध्व वैतरणा हे ठाणे, पालघर, नाशिक या जिल्ह्यांकडचे. भातसा, तानसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत तिथल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर लागतो. आम्ही मुंबईत "पाणी वाचवा"ची स्टार्टअप स्पर्धा घेतो आणि ज्यांच्या अंगणातलं पाणी आपण आणतो, त्यांची टंचाई त्या स्पर्धेच्या विषयपत्रिकेत नसते. "प्रादेशिक" हा शब्द गंभीरपणे घ्यायचा असेल तर सुरुवात शहापुरापासून व्हायला हवी.

महाराष्ट्राचं स्वतःचं धोरण आहे का?

आहे. राज्याचं नाविन्यपूर्ण स्टार्टअप धोरण २०१८ मध्ये आलं आणि ते राबवायला महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटी उभी राहिली. सोसायटीच्या "महाराष्ट्र स्टार्टअप वीक"मध्ये देशभरातून अर्ज येतात. २०१८ च्या धोरणात निवडलेल्या २४ स्टार्टअपना सरकारी खात्यात आपली वस्तू किंवा सेवा वापरून दाखवण्यासाठी १५ लाख रुपयांपर्यंतचा कार्यादेश, म्हणजे कामाची ऑर्डर, मिळत असे. पुढे २०२५ मध्ये नवं धोरण मंजूर झालं आणि त्यात ५०० कोटींच्या महाफंडाची तरतूद आहे.

१५ लाखांचा कार्यादेश ही कल्पना चांगलीच आहे. अनुदानापेक्षा ऑर्डर बरी. अनुदान घेणारा अहवाल लिहितो, ऑर्डर घेणाऱ्याला वस्तू चालवून दाखवावी लागते.

मग अडतं कुठे?

दुसऱ्या ऑर्डरपाशी.

पहिली ऑर्डर स्पर्धेतून मिळते. फोटो निघतो, साहेब खूश, पोरं खूश. दुसरी ऑर्डर निविदेतून मिळवायची असते आणि निविदेची चाल वेगळी. तिथे अटी पूर्ण करणाऱ्यांतला सर्वांत कमी दराचा जिंकतो, ज्याला सगळे "एल वन" म्हणतात. स्टार्टअपना आधीच्या अनुभवाच्या आणि उलाढालीच्या अटीतून, तसंच बयाणा रकमेतून सूट देण्याची सोय नियमांत आहे. पण वस्तू नवी असेल तर ती खात्याच्या दरसूचीतच नसते. दरसूचीत नाही म्हणजे अंदाजपत्रकात बसत नाही. अंदाजपत्रकात नाही म्हणजे लेखाशीर्ष, म्हणजे खर्च टाकायचा ठरलेला रकाना, नाही. मग अधिकारी म्हणतात, "वस्तू उत्तम आहे, पण मी कुठून घेऊ?" यात त्यांचा आळस नसतो. उद्या लेखापरीक्षणात आक्षेप आला तर उत्तर त्यांनाच द्यायचं असतं. तोवर बदली झाली तर नवे साहेब पहिल्या पानापासून सुरुवात करतात.

एक उदाहरण घ्या. समजा, कुणी नाल्याच्या तोंडाशी तरंगता कचरा अडवणारी स्वस्त जाळी बनवली. ती चालली, तर नाल्यातला गाळ आणि कचरा कमी होणार. पण नालेसफाईचं बिल निघतं काढलेल्या गाळाच्या वजनावर. जो कचरा नाल्यात पडलाच नाही, त्याचं बिल कोणत्या रकान्यात लिहायचं? कंत्राटदाराला जाळी नको, खात्याला तिचा दर माहीत नाही, आणि वस्तीला तर कुणी विचारलेलंच नाही. जाळी बनवणारी पोरं सहा महिने हेलपाटे घालतात आणि मग नोकरी धरतात. जाळी चांगली होती की वाईट, हे कुणालाच कळत नाही.

आमचं मत असं, की चाचणी सुरू होण्याआधीच चार ओळी लिहून सही घ्यावी: काय मोजायचं, कोण मोजणार, किती आलं तर चाचणी यशस्वी म्हणायची, आणि यशस्वी झाली तर पुढच्या वर्षी कोणत्या लेखाशीर्षातून खरेदी होणार. शेवटची ओळ लिहायला खातं तयार नसेल तर चाचणी घेऊच नये. नुसत्या चाचण्यांना आपल्याकडे तोटा नाही.

मुंबई महापालिका काय करते?

बरंच काही. मुंबई हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये आला. देशाचं निव्वळ शून्य उत्सर्जनाचं लक्ष्य २०७० आहे, तर मुंबईने स्वतःसाठी २०५० धरलं आहे. जून २०२४ मध्ये पालिकेने पहिला हवामान अर्थसंकल्प अहवाल काढला. त्यात २०२४-२५ साठी सुमारे १०,२२४ कोटी रुपये, म्हणजे भांडवली खर्चाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग, हवामानाशी जोडलेला दाखवला आहे. आकडा पाहून हुरळून जाऊ नका. हे नवे पैसे नाहीत, ठरलेल्याच कामांवर हवामानाची चिठ्ठी लावून केलेली बेरीज आहे. तरीही ती उपयोगी आहे, कारण आता कोणतं खातं किती खर्च करतं ते एकाच ठिकाणी वाचता येतं.

पुराच्या बाबतीत मुंबईने धडा महाग शिकला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या मात्र तासाला २५ मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेल्या. त्या वाढवायचा ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३ पासून तयार होता. पूर आला तेव्हा तो १२ वर्षांचा झाला होता. पुराचा अंदाज देणारी "आयफ्लोज" यंत्रणा केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या मदतीने जून २०२० मध्ये सुरू झाली. हे खरं नावीन्य आहे. पण अंदाज कळल्यावर कुर्ल्याच्या क्रांतीनगरातल्या बाईने रेशनचं धान्य कुठे उचलून ठेवायचं, याची सोय अजून त्या मानाने मागे आहे.

नव्या उद्योजकांसाठी पालिकेची "स्माइल कौन्सिल" नावाची संस्था आहे.

नवं म्हणजे मशीन, अॅप, सेन्सर असंच असतं का?

अजिबात नाही, आणि मुंबईकरांना तर हे सांगायची गरज पडू नये. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत उभी राहिली. तिथे पापड नवा नव्हताच. लाटणारीच मालकीण, ही रचना नवी होती.

दुसरं उदाहरण चाइल्डलाइनचं. १०९८ हा नंबर, म्हणजे "दस नौ आठ", १९९६ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा एक प्रयोग म्हणून मुंबईत सुरू झाला. रस्त्यावरच्या मुलाला रात्री-अपरात्री फुकट फोन करता यावा, एवढीच साधी गोष्ट. पुढे केंद्र सरकारने ती देशभर नेली. दुसरी ऑर्डर मिळाली की काय होतं ते यातून दिसतं. २०२३ पासून हा कारभार सरकारी यंत्रणेकडे गेला आणि त्यावर मतभेद आहेत, पण तो निराळा विषय.

कचऱ्यात स्त्री मुक्ती संघटनेने कचरावेचक बायकांना "परिसर भगिनी" म्हणून प्रशिक्षण दिलं, ओला कचरा जिरवायला शिकवलं, सोसायट्यांशी जोडून दिलं. पुण्यात कचरावेचकांच्या "स्वच्छ" या सहकारी संस्थेशी तिथल्या महापालिकेने करारच केला. मुंबईत अशा कामाला शाबासकी भरपूर मिळते, करार कमी मिळतो.

हवेसाठी बेकऱ्यांची लाकडाची भट्टी बंद करायला सांगितली. यात नावीन्याचा काय संबंध?

हा माझा आवडता प्रश्न, कारण सामाजिक आणि पर्यावरणी प्रश्न एकाच लादीत भाजलेले कुठे दिसतात, तर इथे.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. धूर वाईट, यात वाद नाही. पण बेकरीवाल्याच्या जागी उभं राहून बघा. इमारती आणि फर्निचर तोडून निघालेलं भंगार लाकूड स्वस्त मिळतं. भट्टी बदलायची म्हणजे मोठा खर्च, आणि तेवढे दिवस धंदा बंद. गल्लीत गॅसची लाइन असेलच असं नाही. विजेची भट्टी लावायची तर मंजूर लोड वाढवून घ्यायचा. जागा पागडीची असेल तर मालकाची सही हवी. शिवाय पाव एक रुपयाने वाढला तर वडापाववाला ओरडणार आणि त्याच्यामागे आपण.

यात शोध लावण्यासारखं काय आहे? गॅसची भट्टी जुनीच वस्तू. अडलंय ते भांडवल, जोडणी, परवाने आणि मधले बंद दिवस यांच्यापाशी. म्हणजे इथलं नावीन्य कर्जाच्या रचनेत असायला हवं. भट्टीचे पैसे इंधनखर्चाबरोबर हप्त्याने फिटतील का? एका वॉर्डातल्या दहा-बारा बेकऱ्यांसाठी गॅसजोडणीचं काम एकदम निघेल का? एक बेकरी बंद असताना तिचा माल शेजारच्या भट्टीवर भाजता येईल का? याला पेटंट मिळणार नाही, स्पर्धेत बक्षीसही नाही. म्हणूनच स्टार्टअप धोरणात हे बसत नाही आणि हवा धोरणात नुसता आदेश उरतो. कडक ब्रून पाव लाकडावरच खरा लागतो असं माझे वडील म्हणायचे. त्यांचा मुद्दा चवीपुरता मान्य.

आमच्या सोसायटीत बायोगॅस बसवला होता, वर्षात बंद पडला. तंत्रज्ञानच कुचकामी आहे का?

आमच्याकडेही तेच झालं. एका पुरवठादाराने संयंत्र बसवलं, नारळ फुटला, पहिले तीन महिने क्लब हाऊसच्या शेगडीवर चहा झाला. मग ओल्या कचऱ्यात दुधाच्या पिशव्या आणि डायपर यायला लागले. ढवळणारा माणूस गावी गेला, देखभालीचा करार संपला आणि सभेत नूतनीकरणाचा ठराव नापास झाला. आता त्यावर कुंड्या ठेवल्या आहेत.

तंत्रज्ञान ठीक आहे. आपल्या शेजारी, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेलं "निसर्गऋण" संयंत्र अनेक ठिकाणी बसलं आहे. पण प्रत्येक संयंत्राचं पोट रोज सकाळी नीट निवडलेल्या कचऱ्यावर चालतं. ती निवड करणाऱ्या बाईचा पगार कोणत्याच प्रस्तावात नसतो. यंत्राला भांडवली पैसा मिळतो, तिला महिन्याचा मिळत नाही. कंपन्यांच्या सीएसआरचंही, म्हणजे समाजकामासाठी द्यायच्या पैशाचंही, बहुतेक असंच चालतं: पाटी लावण्यापुरते पैसे असतात, पाचव्या वर्षीचा झाडू कुणाच्या खात्यावर नसतो.

वस्तीतल्या लोकांचं म्हणणं यात कोण ऐकतं?

खरं सांगायचं तर क्वचित. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईतले चाळीस टक्क्यांहून जास्त लोक झोपडपट्टीत राहतात. तक्रार नेऊन टाकायची जागा म्हणजे नगरसेवक. त्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे कित्येक वर्षं प्रशासकच कारभार बघत होते. हवामान आराखडा, हवामान अर्थसंकल्प हे सगळं याच काळातलं. आराखडे चांगले आहेत, पण त्यांवर सभागृहात भांडायला कुणी नव्हतं, आणि भांडणातून बऱ्याच गोष्टी सुधारतात.

ऐकल्यावर काय होतं, याचं उदाहरण शौचालयांचं आहे. स्पार्क, राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ आणि महिला मिलन या संस्था-संघटनांनी मुंबईत सामुदायिक शौचालयं बांधली. महासंघाच्या जोकिन अर्पुथम यांना २००० मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बायकांशी बोलल्यावर कळलं, की रांगेत मोठी माणसं लहान मुलांना मागे ढकलतात, म्हणून मुलं गटारावर बसतात. मग मुलांसाठी वेगळी, लहान मापाची बैठक आली. देखभालीसाठी कुटुंबाचा महिन्याचा पास आला. कोणत्याही सेन्सरने हे सांगितलं नसतं.

माझ्याकडे कल्पना आहे. कुठे जाऊ?

पवईला आयआयटी मुंबईचं "साइन" हे २००४ पासूनचं इनक्युबेशन केंद्र, म्हणजे नव्या धंद्यांना हात देणारी जागा आहे, विद्याविहारला सोमय्याचं "रिडल" आहे, पालिकेचं स्माइल आहे आणि राज्याचा स्टार्टअप वीक आहे. पण त्याआधी आठवडाभर सकाळी साडेसहाला तुमच्या भागातल्या सफाई चौकीवर जाऊन बसा. मुकादमाला चहा पाजा. तो तुमच्या कल्पनेतली जी खोट पाच मिनिटांत काढेल, ती परीक्षक मंडळाला सापडणार नाही. एकदा एक मुलगा कचरापेटी भरल्याचा इशारा देणारं यंत्र घेऊन गेला. मुकादम म्हणाला, "बाळा, पेटी भरलेली मला दिसते रे. गाडी कधी येणार ते सांगणारं काही आहे का?"

आणि ज्यांच्याकडे कल्पना नाही, फक्त राग आहे, त्यांनी काय करावं?

माहितीचा अधिकार वापरा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लागतो. एका अर्जात दोन विषय कोंबू नका. "पर्यावरणासाठी काय केले" असं मोघम विचारलंत तर मोघमच उत्तर येईल. पहिल्या अर्जात एका खात्याला एवढंच विचारा: गेल्या तीन आर्थिक वर्षांत आपल्या खात्याने स्टार्टअपकडून किंवा संस्थेकडून प्रायोगिक तत्त्वावर घेतलेल्या कामांची यादी, प्रत्येकाचा मूल्यमापन अहवाल, आणि त्यांपैकी ज्यांना दुसरा कार्यादेश दिला त्यांची तारीख व रक्कम.